थेंब बुडाला पाहिजे

१२ जानेवारी

ती. ताई,

ढोल्याचा नमस्कार.

तू म्हणशील, सहा महिन्यांनी बरी आठवण झाली. झाली खरी. या वेळी बातमी चांगली आहे, म्हणून धीर करून लिहितोय.

परवा रक्तपेढीने माझा सत्कार केला. तीस वेळा रक्त दिल्याबद्दल. स्टेजवर खुर्ची, काचेची फ्रेम, फोटो, सगळं. मोठे डॉक्टर भाषणात म्हणाले, "या गृहस्थांनी दारूचं व्यसन सोडलं आणि रक्त देण्याचं लावून घेतलं. असं निरोगी व्यसन सगळ्यांना लागो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्ट दुरुस्तीला माझ्याबरोबर असतो तो जोडीदार तर शिट्टी मारून मोकळा झाला. तुझी वहिनी पहिल्या रांगेत होती, पण तिने काही टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात पर्स होती म्हणे.

गंमत सांगू? रक्त घ्यायच्या आधी बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर रक्त दमदार, या, आडवे व्हा. तरंगला तर घरी जा, चार घास नीट खा. माझा सरळ तळाला जातो. तरी दर वेळी छातीत धडधडतं, शाळेत निकालाच्या दिवशी धडधडायचं तसं. बुडाला की वाटतं, पास झालो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस. आणि मला तुझं पत्रच लागतं. ते पहिलं पत्र अजून हत्यारांच्या पिशवीत आहे, प्लास्टिकमध्ये घालून. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो तेव्हा पिशवी खांद्यावर असते, म्हणजे तेही असतं. प्यावंसं वाटलं की काढून वाचतो. "आईला आजाराने नाही, तू मारलंस." तीन डॉक्टर आणि दोन महिन्यांचं इस्पितळ यांना जे जमलं नव्हतं ते तुझ्या त्या एका वाक्याने केलं. नऊ वर्षं झाली, थेंबाला शिवलो नाही.

एकदा ये ना. फ्रेम बघून जा.

तुझा,
ढोल्या


२० जानेवारी

चि. ढोल्यास आशीर्वाद.

फ्रेम भिंतीवर लावली असशीलच. जरा वाकडी लाव, म्हणजे येणारे-जाणारे सरळ करायच्या निमित्ताने वाचतील.

निरोगी व्यसन म्हणे! तुझ्या डॉक्टरांना सांग, माझ्या भावाला स्तुतीची तलफ आहे, सुई हे नुसतं निमित्त. लहानपणी पाढे पाठ म्हणून दाखवलेस की आई गुळाचा खडा द्यायची. मग तू दिवसभर पाढे म्हणत तिच्या मागे फिरायचास, ती बिचारी भांडी घासत असली तरी. आता नर्सबाई बिस्किटं देते. एवढाच काय तो फरक.

विसरला असशील तर पुन्हा सांगते, कारण भाषणात हे कोणी सांगितलं नसणार. आईच्या पोटात रक्त वाहत होतं. तिचा गट ओ निगेटिव्ह, शंभरात दोघा-चौघांचा. पेढीत एकच बाटली निघाली. आणखी दोन हव्या होत्या. घरात त्या गटाचा तू एकटा. अकरा वाजता निरोप धाडला, तू दोन वाजता उगवलास, भिंत धरधरून. नर्सने तुझं तोंड हुंगलं आणि दार दाखवलं. चार वाजता आई गेली. तू तीस दे नाहीतर तीनशे दे, त्या दिवशीच्या दोन कमीच राहणार.

मी बावीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत लोकांच्या चादरी बघते आहे. रक्ताचा डाग लगेच गार पाण्यात टाकला तर निघतो. राहिला तर राहिला. मग कितीही घासा, चादर विरते आणि डाग तिथेच.

तुझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत हे बरं केलं. त्या घरात शहाणं माणूस ते एकच. बाकी माझे गुडघे दुखतात. इथे वाफेचे रोलर चालू असतात, सुट्टी मिळत नाही. येणार नाही. जेवत जा.

ताई


३ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसून वाचलं, दोनदा. तुला वाटेल मी दुखावलो असेन. दुखावलो. पण खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मी थेट पेढीत गेलो. तू असं लिहिलंस की दंडाची शीर आपोआप वर येते.

तू म्हणतेस स्तुतीची तलफ. असेल. आडवं झाल्यावर ती बाई रबराची पट्टी बांधते, मूठ आवळायला लावते आणि म्हणते, "तुमच्यासारखी शीर कोणाची नाही." मला एवढ्या आयुष्यात कोणी काही चांगलं म्हणालं असेल तर ते माझ्या शिरेला. पिशवी हळूहळू भरते. ती भरत असते तेव्हा डोक्यात आई नसते, तू नसतेस, कोणी नसतं. दहा मिनिटं. पूर्वी यासाठी मला अख्खी बाटली लागायची.

बायको म्हणते, "पूर्वी बाटली आत जायची, आता बाहेर येते, मी काय दोन्ही वेळा पुसतच बसू?" ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासते, त्यामुळे तिला सगळ्यांमध्ये काहीतरी कमी दिसतं.

अलीकडे जरा गरगरतं. वय झालं. जोडीदार म्हणाला, खालचं काम मी बघतो, तू वर बटणं दाब. मी म्हटलं, तुझ्या बापाला शिकव.

गुडघ्यांना शेक दे.

ढोल्या


१५ मार्च

ढोल्या,

आशीर्वाद नंतर देईन.

काल माझ्या दारात एक कार्ड पडलं होतं. तुझ्या भाऊजींच्या नावाने. "प्रिय रक्तदाते, आपल्या रक्ताने एका जीवाला नवं आयुष्य मिळालं. आपली प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि आपण पुन्हा या!" खाली हसऱ्या थेंबाचं चित्र.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. नखं कापताना बोटाला लागलं तरी डोळे फिरवून पडायचे ते. मी ते कार्ड वाचून इतकी हसले की शेजारीण धावत आली. मग रडले. मग तुझी आठवण झाली आणि दोन्ही थांबलं.

अरे गाढवा, खोटं नाव लिहायचं तर पत्ताही खोटा लिहावा, एवढी अक्कल चोरालाही असते. तुला काय वाटलं, नाव खोटं चालेल पण पत्ता खोटा लिहिला तर पाप लागेल? की आभाराचं कार्ड वाया जायला नको, कोणाच्या तरी घरी पोचलं पाहिजे, हा हिशोब होता? तुला मी जन्मापासून ओळखते. दुसरंच असणार.

तीन महिन्यांत एकदाच रक्त देता येतं, एवढं मलाही माहीत आहे. किती नावांनी देतोस? कुठे कुठे? एक शब्द खोटा लिहू नकोस. मेलेल्या माणसाच्या नावावर उधळपट्टी करणारा भाऊ मला नको आहे.

ताई


२२ मार्च

ती. ताई,

चार नावांनी. माझं, भाऊजींचं, बाबांचं आणि जोडीदाराचं. शाळांमध्ये, कारखान्यांमध्ये शिबिरं असतात, तिथे फॉर्म हाताने भरायचा असतो, कोणी फार विचारत नाही. पत्त्याचं तू म्हणालीस ते खरं आहे. कार्ड परत गेलं असतं तर त्या लोकांना वाईट वाटलं असतं.

पहिल्यांदा दोन महिन्यांनी गेलो. मग दीड. आता पंधरा-वीस दिवसांवर आलंय. मधले दिवस कसे जातात ते तुला नाही सांगता येणार. घसा कोरडा पडतो. हात शिवशिवतात. माणसं बोलतात ते ऐकू येत नाही. मी ओळखलं, ताई. ही तीच जुनी बया आहे, लुगडं बदलून आली आहे. पण तिने मला मारलं तर लोक फूल वाहतील. त्या वेळी थुंकले असते. तूच सांग, दोन्हींत मी काय निवडायचं?

आणि कोणाचं काय वाईट होतंय? ओ निगेटिव्ह कोणालाही चालतं. कुठलीतरी आई वाचत असेल. तिचा मुलगा दारात झिंगत उभा असला तरी ती वाचत असेल.

मी लोहाच्या गोळ्या घेतो, रोज सहा. मागच्या वेळी थेंब मध्येच थांबला, ना वर ना खाली. मी श्वास धरून उभा. मग गेला खाली. बाई म्हणाली, "आज आळस करतोय." आम्ही दोघं हसलो.

तुझ्या वहिनीला कळवू नकोस. भाऊजींचं नाव आता वापरणार नाही.

ढोल्या


१० एप्रिल

ती. वन्संना सा. नमस्कार.

मी तुम्हाला कधी लिहीत नाही. तुमची आणि यांची पत्रं हा तुमचा दोघांचा मामला, मी त्यात पडले नाही. आज पडते आहे.

सोमवारी हे एका नऊ मजली इमारतीत काम करत होते. लिफ्टच्या टपावर उभं राहून वरचा दोर तपासायचा होता. तिथेच डोळ्यांपुढे अंधारी आली. जोडीदाराने कमरेचा पट्टा धरला म्हणून फळीवर पडले, नाहीतर सहा मजले खाली गेले असते. डोकं फुटलं, बरगडी मोडली. इस्पितळात रक्त तपासलं तर अंगात निम्मंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना कुठे रक्तस्राव होतो का?" मी म्हटलं, होतो, आठवड्याआड, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. त्याआधीच यांच्या शर्टाच्या खिशात चार कार्डं सापडली होती. चार नावं. एक माझ्या सासऱ्यांचं.

दोन पिशव्या लागल्या. पेढीत यांच्या गटाची एकही नव्हती. तिथली बाई रडवेली झाली, म्हणाली, "अहो, आमच्याकडे हा गट संपला की आम्ही यांनाच तर बोलावतो." शेवटी दुसरीकडून आल्या, कुणा अनोळखी माणसाच्या. यांनी घ्यायलाच नकार दिला. "मी देणारा आहे, घेणारा नाही." दोघांनी धरून लावाव्या लागल्या.

डॉक्टर म्हणाले अजून एखादी लागेल, सख्ख्या नात्यात कोणी त्याच गटाचं आहे का बघा. मी सांगितलं, यांची एक बहीण आहे, विचारते.

तुम्ही या. दुसऱ्या कोणाचं हे ऐकत नाहीत. झोपेतसुद्धा तुमचंच वाक्य बडबडतात.

तुमची,
वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून जेवण गेलं नाही.

यायची फार इच्छा आहे, पण इथे दोन मोठे रोलर बंद पडले आहेत आणि तीनशे खोल्यांच्या चादरी हाताने इस्त्री होताहेत. माझ्या हाताखालच्या दोघी रजेवर. गुडघ्यांनी तर जिना चढवत नाही. महिनाअखेर बघते.

गटाचं म्हणशील तर माझा वेगळा आहे. आईच्या वेळीही विचारलं होतं. डॉक्टरांना तसं सांग, पुन्हा पुन्हा विचारायला लावू नकोस.

बीट आणि पालक दे. लोखंडी कढईत शिजव. आणि त्या पेढीवाल्यांना चार शब्द सुनाव, माणसाची शीर म्हणजे काय नळ आहे का.

ताई


२ मे

ती. वन्संना नमस्कार.

महिनाअखेर होऊन गेली. असू दे.

हे घरी आहेत. टाके निघाले. काल दुपारी मी दुकानातून आले तर अंथरूण रिकामं. शोधत शोधत पेढीत गेले. हे बाकावर बसले होते, बरगडीला पट्टा बांधलेला, पुढे निळ्या पाण्याची बाटली. थेंब वर तरंगत होता. बाई हात जोडून म्हणत होती, "जा हो घरी, पाया पडते." हे म्हणत होते, "दुसऱ्या बोटाचा बघा." सात बोटं टोचून झाली होती, वन्सं. मी मोजली. सगळे थेंब वर.

रस्त्याने लहान मुलासारखे रडत आले. बारा वर्षं यांना दारू पिऊन रडताना पाहिलं, तेव्हा मला कीव यायची नाही, राग यायचा. काल पहिल्यांदा भीती वाटली. पुढच्या महिन्यात कामावर जाणार म्हणतात. त्या खड्ड्यात उतरणार आणि दर पंधरा दिवसांनी नव्या शिबिरात नवं नाव लिहिणार. मी किती दारांवर पहारा देऊ?

हे सगळं तुमच्या त्या पत्रातून आलंय. मी तुम्हाला दोष देत नाही. त्या पत्राने मला माझा नवरा परत मिळाला होता, हे मी विसरलेली नाही. पण आता ते परत घ्या. म्हणा की रागात लिहिलं. म्हणा की आई तशीही गेली असती. काहीही म्हणा, पण यांना सोडा. तुम्ही धरून ठेवलंय म्हणून विचारते आहे, नाहीतर विचारलं नसतं.

वहिनी


९ मे

चि. ढोल्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. पाचव्यांदा फाडायच्या आत पोस्टात टाकणार, म्हणून लाँड्रीतच लिहिते आहे, रोलरच्या आवाजात.

आईच्या गटाचा घरात तू एकटा नव्हतास. मीही आहे. माझ्या थोरलीच्या बाळंतपणाच्या वेळी फाइलवर लाल शाईत लिहिलं होतं, ओ निगेटिव्ह. तेव्हाच एक इंजेक्शन द्यायचं होतं तर मी खाटेखाली शिरले होते, तुझे भाऊजी शेवटपर्यंत ते सांगून हसायचे. मला सुई बघवत नाही. रक्त बघवतं, दिवसभर बघते, पण सुई नाही.

त्या दिवशी अकरा वाजता नर्स माझ्याकडे आली. "तुम्ही मुलगी ना? तुमचा गट?" मी म्हटलं, "वेगळा आहे. माझ्या भावाचा जुळतो, तो येतोय." एवढं सहज निघालं तोंडातून, की मलाच खरं वाटलं. अकरा ते दोन मी आईच्या खाटेशी बसले होते. तिचा हात धरून. ती तीन वेळा म्हणाली, "आला का गं?" मी तीन वेळा म्हटलं, "येतोय." बाजूच्या खोलीत रक्त घ्यायचं ते टेबल होतं. अकरा पावलांवर. मी जाऊन बघूनही आले.

मग तू दारातून झोकांड्या खात आलास आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू. आई मरत होती आणि मी सुटले होते. संध्याकाळी तुला ते पत्र लिहिलं, एकही शब्द न खोडता. आणि त्यानंतर तू दारू सोडलीस! मग तर काय, मला वाटलं माझ्या खोट्याचं सोनं झालं. तुला दर पत्रात टोचत राहिले. तुला वाटायचं ताई माझ्या भल्यासाठी बोलते. मी माझ्यासाठी बोलत होते. चार-सहा महिने तुला टोचलं नाही की मला झोप लागायची नाही. तू विचारलंस ना, दोन्हींत काय निवडायचं? मला विचारू नकोस. माझं तर तुझ्यावाचून भागत नव्हतं.

मागच्या महिन्यात वहिनीने बोलावलं तेव्हाही मी आले नाही. रोलर बंद नव्हते.

आई वाचली असती का ते देवालाही ठाऊक नसेल. पण तुझ्या उशिराने गेली असेल तर आधी माझ्या खोट्याने गेली. तू सूट. सुई सोड. एक थेंबही देऊ नकोस कोणाला. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पत्राने दे, मी जपून ठेवीन.

ताई


११ जून

वन्सं,

तुमचं पत्र यांनी खिडकीशी उभं राहून वाचलं. मला वाटलं, आता कोसळतील. हे हसले. म्हणाले, "म्हणजे मी नाही." मग पुन्हा म्हणाले, "ऐकलंस का, मी नाही." मला जवळ घेतलं. हत्यारांच्या पिशवीतलं ते जुनं पत्र काढलं, प्लास्टिकसकट कात्रीने बारीक बारीक कापलं. दोन दिवस घरात गाणं गुणगुणत होते. लग्नानंतर पहिल्यांदा यांचा चेहरा मला तरुण दिसला. तुमच्यावर राग नाही म्हणाले. "ताई बिचारी घाबरट, लहानपणापासूनच." मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडले.

तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, घरी आले. मला दारातच वास आला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अगं, एकच घेतली. आता काय हरकत आहे? मी काही कोणाला मारलेलं नाही."

त्याला आज चार आठवडे झाले. थेंब बुडतो की तरंगतो याच्याशी आता यांना काही देणंघेणं नाही. कंपनीने कामावरून काढलं, आणि तेच बरं, त्या खड्ड्यात उतरत तरी नाहीत. काल फ्रेम काढून तिच्या काचेवर ग्लास ठेवला होता. पेढीतून फोन आला, कुठल्या तरी बाळंतिणीला रक्त हवंय म्हणून. हे फोनवर हसत होते.

डॉक्टर म्हणतात, यकृत आधीच अर्धं गेलेलं आहे, या वेळी फार वेळ देणार नाही.

मी खूप विचार केला. रक्त देऊन मेले असते तर मी माणसाची विधवा झाले असते. आता कोणाची होईन ते माहीत नाही. निरोगी व्यसन असतं की नसतं ते त्या भाषणवाल्या डॉक्टरांना विचारा, मला एवढंच कळतं, की दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मला सुई परत द्या.

तुम्ही ते पत्र पुन्हा लिहा, वन्सं. मागचं खोटं होतं म्हणून लिहा. तुम्हालाच येतं ते. आणि तुम्हाला त्याचा काही त्रास होईल असं मला वाटत नाही.

वहिनी


१७ जून

वहिनी,

सोबतचं बंद पाकीट त्याच्या हातात दे. सकाळी दे, प्यायच्या आधी.

खरं सांगायला मला नऊ वर्षं लागली आणि चार वेळा फाडावं लागलं. हे लिहायला दहा मिनिटं पुरली. आणि तू म्हणतेस तसंच झालं, त्रास झाला नाही. त्या दिवशी तो दारात दिसला होता तेव्हा वाटलं होतं तेवढंच बरं वाटलं. रात्री शांत झोपेन आता. याची तुला किळस वाटली तर वाटू दे, मलाही वाटते आहे.

हे फाडून टाक. त्याचं फाडू नकोस.

ताई


१७ जून

ढोल्या,

मागचं पत्र खोटं होतं. तुझ्या बायकोने रडूनभेकून लिहून घेतलं. माझा गट बी पॉझिटिव्ह आहे, हवं तर येऊन फाइल बघ. तू लगेच विश्वास ठेवलास. ठेवणारच. नऊ वर्षं तू कोणीतरी असं म्हणायची वाटच बघत होतास.

मी म्हटलं मी बाजूच्या खोलीत टेबल बघून आले, आणि तुला हसू आलं. आई मरत असताना मी तिला टाकून टेबल बघायला गेले असते? मी तिचा हात धरून बसले होते. ती तीन वेळा म्हणाली, "आला का गं?" ते मात्र खरं आहे. ती तुलाच विचारत होती.

आईला आजाराने नाही, तू मारलंस. आता पुन्हा पितोयस म्हणजे पुन्हा मारतोयस. हे पत्र प्लास्टिकमध्ये घाल आणि पिशवीत ठेव, आणि कात्री बायकोकडे दे.

दोन बाटल्या अजून कमी आहेत. पण हावरेपणा करायचा नाही. तीन महिन्यांतून एकदा जायचं, आपल्या नावाने, बायकोला बरोबर घेऊन. आधी दारू उतरू दे, अंगात रक्त भरू दे. पालक खा. बोटं सात-सात वेळा टोचून घेऊ नकोस, एकदाच टोचायचं.

थेंब बुडाला की कळव.

ताई